नऊ मिनिटांचं इंजिन

माझ्या जिभेला हाड नाही, हे आंबेकोंडात सगळ्यांना माहीत आहे. सासूने सांगून पाहिलं, नवऱ्याने सांगून पाहिलं. एमआयडीसीत मी पॅकिंगला आहे, तिथल्या सुपरवायझरनेही एकदा सांगून पाहिलं, पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही. म्हणून आधीच कबूल करते, या गोष्टीतलं सगळ्यात वाईट वाक्य माझ्याच तोंडून गेलेलं आहे. ते पुढे येईलच.

आंबेकोंड म्हणजे सावित्री नदीच्या पलीकडची वाडी. दारात उभं राहिलं की समोर महाड दिसतं. मधला पूल ठेंगणा. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की महाड नुसतं दिसतं, जाता येत नाही. एकवीसच्या पुरात आमची वाडी तीन दिवस पाण्यात होती. त्यानंतर सरकारकडून आम्हाला फायबरची बोट मिळाली आणि बोटीच्या मागे लटकवायचं चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. काळं, चकचकीत, नव्या नवरदेवासारखं. बोट चालवायला वाडीतला हर्षद, कारण त्याचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. बोटीच्या समितीची अध्यक्ष मी, कारण मला ओरडता येतं.

त्या बोटीची सगळ्यात जास्त गरज आमच्याच घरात होती. निशा, माझी धाकटी जाऊ, बत्तीस वर्षांची, दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी महाडला डायलिसिस. दीर मुंबईला कामाला, महिन्यातून एकदा येतो, त्यामुळे तिला नेणं-आणणं माझ्याकडे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, एक पाळी चुकली तर पाय सुजतील, दोन चुकल्या तर छातीत पाणी भरेल, तिसरीची वाट बघू नका. कोरड्या दिवसांत रिक्षा होती. पावसाळ्यात बोट, आणि बोट म्हणजे ते इंजिन.

आणि ते इंजिन गेल्या पावसाळ्यात सहा वेळा नदीच्या मधोमध बंद पडलं. सुरू व्हायचं छान, किनारा सोडायचं, दोनशे हातांवर गेलं की आचके देऊन गप्प. मग वल्ही मारा. हर्षदने प्लग बदलले, पेट्रोल फडक्यातून गाळलं, देवीला नारळ ठेवला. अर्ध्या तासाने चावी फिरवली की जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू. दुधाच्या किटल्या नेताना नीट. शाळेची पोरं नेताना नीट. रेशन आणताना नीट. सहाच्या सहा वेळा बंद पडलं तेव्हा बोटीत निशा होती.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं शेजारच्या चंद्राबाईने, धुणं धुताना. "बाकी कोण बसला तर बंद नाय पडत गो. हिच्याच येळेला कसं?" मग ते वाडीभर फिरलं. पांढऱ्या पायाची, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण निशा बोटीत चढली की बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या.

मी चंद्राबाईला झापलं होतं. पण सहाव्या वेळी बोट वाहत खालच्या बांबूच्या बेटात जाऊन अडकली. माझा हात फाटला, पाऊस झोडपत होता, आणि मी, हो मीच, निशाला म्हणाले, "तू बसलीस की याला काय होतं गो बाय?"

 तिने डायलिसिसच्या सुयांचा हात पदराखाली घेतला आणि नदीकडे बघत बसली. मला त्याच क्षणी जीभ हासडून टाकावीशी वाटली, पण माफी मागायची मला सवय नाही. विषय तिथेच राहिला.

एप्रिलमध्ये तहसीलमधून पत्र आलं. पहिल्या पानावर लिहिलेलं, "सदर इंजिने तांत्रिक दोषामुळे कंपनीकडून परत मागविण्यात येत आहेत." परत मागविण्यात. माझं डोकं फिरलं. चार वर्षांपूर्वी आमचा ट्रान्सफॉर्मर असाच "दुरुस्तीसाठी" नेला होता, तो कुठल्या गावात उजेड पाडतोय देव जाणे. मी हर्षदला बोलावलं, दोघांनी मिळून इंजिन गोठ्यात नेलं आणि पेंढ्याखाली गाडलं. चार दिवसांनी कारकून आला. इंजिन कुठे आहे म्हणाला. मी म्हटलं, लग्नाला गेलंय. तोंडातून निघून गेलं, आता काय करणार. तो बिचारा वहीत काहीतरी लिहून निघून गेला.

मे महिन्यात निशाचे वडील आले. मुरारी तात्या. गाव कुडपण, पोलादपूरच्या वरचं पठार. या माणसाने एकतीस वर्षं मुंबईत भाऊच्या धक्क्यावर लाँच आणि बोटींच्या वर्कशॉपमध्ये काढली. जन्मभर समुद्राची इंजिनं उघडली आणि म्हातारपणी जाऊन बसला डोंगराच्या टोकावर, जिथे बोट बघायची तर पोरांच्या चित्रकलेच्या वहीत. किडकिडीत, पांढरी टोपी, मनगटावर जुनं घड्याळ. बोलणं इतकं कमी की मला धाप लागते. शिवाय जुन्या चालीचा. मुलीच्या सासरी राहायचं नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही. नदीकाठी बोटीची शेड आहे, तिथे घोंगडी टाकून राहिला. तीन दगडांची चूल मांडली. मी जेवायला बोलवायला गेले तर हात जोडून म्हणतो, "नको बाय." मला राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला ते कळलंही नसावं.

तिसऱ्या दिवशी तो गोठ्याच्या दारात उभा राहून नाकाने वास घेत होता.

"दर्शना बाय, तुमची गाय पेट्रोल पिते काय?"

मग काय, सगळं सांगितलं. पत्र दाखवलं. त्याने चष्मा लावून पहिलं पान वाचलं, ते उलटलं आणि दुसरं वाचायला लागला. दुसरं पान मी पाहिलंच नव्हतं. त्यावर लिहिलं होतं की सदोष भाग विनामूल्य बदलून इंजिन आठ दिवसांत परत देण्यात येईल, आणि खाली इंजिनांचे नंबर, अमुकपासून तमुकपर्यंत.

"न्यायला नाय बोलावत," तो म्हणाला. "पोरीला माहेरी बोलावतात तसं. बरी करून परत धाडतात."

आता आमच्या इंजिनाचा नंबर बघायचा. नंबरची पट्टी असते इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर. आणि त्या पट्टीवर मी स्वतः, दसऱ्याला पूजेच्या दिवशी, लाल ऑइलपेंटने "वाघजाई प्रसन्न" लिहिलेलं. दोन हात दिले होते रंगाचे, नीट दिसावं म्हणून. तात्याने कपाळाला हात लावून वाघजाईची माफी मागितली, रॉकेलात नारळाची शेंडी भिजवली आणि घासायला बसला. कानस नको म्हणाला, आकडे जातील. अख्खी दुपार घासत होता. मी दोनदा म्हटलं, द्या मी करते. मान हलवून नाही म्हणायचा. संध्याकाळी आकडे वर आले.

यादीतल्या शेवटच्या नंबरापेक्षा आमचा नंबर तीनशे बारा पुढचा होता.

मी तरीही तहसीलला गेले. कंपनीला कळवा म्हटलं. पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला, एकाच ओळीचा. "आपले इंजिन सदर यादीत नसून ते निर्दोष आहे."

निर्दोष. हा शब्द कुणी लिहिला असेल त्याला कल्पनाही नसेल. इंजिन निर्दोष ठरलं म्हणजे दोष कुणाचा उरला? तो कागद मी समितीच्या बैठकीत वाचला आणि झाडून सगळ्यांनी एकदा तरी आमच्या घराकडे बघितलं. निशा ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं होतं.

मी तडक शेडवर गेले. "तात्या, तुम्ही एवढे मोठे मिस्त्री. उघडा ना ते आणि करा काय करायचं ते. हर्षदला मदतीला देते."

"नाय उघडणार."

"का नाय?"

"मी उघडीन, कायतरी करीन, ते चालंलपण. मग लोक काय म्हणतील? बापानं पोरीची बला काढली." तो घड्याळाला चावी देत होता, ती देऊन झाल्यावर पुढे बोलला. "आणि हेच इंजिन आणखी किती गावांत हाय, ते तुला ठावं? आपला हात चांगला म्हणून कंपनीची चूक झाकायची काय? इंजिनाचा दोष इंजिनानंच कबूल करायला पायजे."

माझ्याकडे या माणसासाठी दहा उत्तरं तयार होती. ती तशीच घेऊन मी घरी आले. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडून एक दोनशे पानी वही मागून घेतली. पट्टीने रकाने आखले. तारीख. किती वाजता चालू केलं. किती वाजता बंद केलं. बंद ठेवून किती मिनिटं थांबले. पुन्हा चालू केलं त्याचं काय झालं. आणि शेवटी एक छोटा रकाना, वर नुसतं "नि." गेल्या वर्षीच्या सहा वेळा त्याने आमच्याकडून काढून घेतल्या. हर्षदला आणि मला वेगवेगळं बसवून विचारलं, पोलिसांसारखं. आधी किती वेळ चाललं होतं, कोण कोण होतं, निशाला चढवायला कुणी हात दिला, त्याला किती वेळ लागला. मी म्हटलं, ही काय लग्नाची रीतभात विचारताय. तो लिहीत राहिला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पूल बुडाला आणि बोट सुरू झाली. तात्या प्रत्येक फेरीला मागे इंजिनाशेजारी बसायचा. दुधाची फेरी असो, शाळेची असो. डोक्यावर पावसाची खोळ, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत वही. बोलायचा नाही, ऐकायचा. आमच्या हर्षदला चार दिवसांत कळलं की म्हाताऱ्याला इंजिनाचा आवाज ऐकून पाण्याचा जोर कळतो. तोही मग गप्प बसून ऐकायला शिकला. पहिल्याच आठवड्यात तात्याने गॅरेजमधल्या भंगारातून बोटीला एक नांगर करवून घेतला होता. मी म्हटलं, एवढ्याशा नदीला नांगर कशाला. त्यावर त्याने माझ्या फाटलेल्या हाताच्या वणाकडे नुसतं बघितलं.

पहिल्या मंगळवारी परतीच्या वाटेवर इंजिन बंद पडलं. बोटीत निशा होती.

मधल्या शुक्रवारी पाणी उतरून पूल उघडा होता, रिक्षाने गेलो. पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्या दिवशी पाणी लाल, फुगलेलं, झाडं वाहत येत होती. डायलिसिसनंतर निशाला उभं राहवत नाही, ती बोटीच्या तळाशी आडवी. मधोमध आचके देऊन इंजिन गप्प झालं आणि बोट पुलाच्या दिशेने फिरली. बुडालेला पूल म्हणजे पाण्याखालची भिंत. हर्षद वल्हं मारत होता, बोट जुमानत नव्हती. तात्याने नांगर सोडला, दोर दोनदा खुंटाला घेतला, बोट गचका खाऊन थांबली. मग त्याने घड्याळ बघितलं.

"लिही बाय. चार वाजून अकरा."

मला वाटलं, याला ढकलून द्यावं. पोटची पोर खाली ओकते आहे आणि हा म्हणतो लिही. पण वेळ लिहिली. त्याचा एक हात दोरावर होता आणि दुसरा निशाच्या पाठीवर, म्हणून तर मला लिहायला सांगितलं, हे तेव्हा दिसलं नाही. अर्ध्या तासाने इंजिन चालू झालं आणि आम्ही घरी पोचलो.

शुक्रवारी सकाळी निशा उठलीच नाही. उठली, पण तयार झाली नाही.

"ताई, मी नाय येत. माझ्यापायी बोटीतली माणसं जायची एखाद दिवशी. तुझी पोरं हायत. हर्षदची बायको पोटुशी हाय."

मी ओरडले, रडले, हात धरून ओढलं. तिने खांबाला मिठी मारली. इतकी अशक्त बाई, पण सुटली नाही. दुपारपर्यंत तिची वेळ टळली. एक पाळी चुकली. संध्याकाळी तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

मी शेडवर गेले आणि तात्यावर जे तोंडाला येईल ते फेकलं. मिस्त्री कसले, बाप कसले, वह्या कसल्या लिहिता, पोर मरायला टेकली. सगळं. तो ऐकून घेत होता. माझा दम संपला तेव्हा त्याने वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि थांब्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"वाच."

मी वाचलं. दूध: बंद केलं नाही. शाळा: बंद केलं नाही. रेशन: बंद केलं, एक तास दहा मिनिटं. निशा: बंद केलं, नऊ मिनिटं. निशा, मागच्या वर्षी: आठ-दहा मिनिटं. पुन्हा निशा: नऊ मिनिटं.

"बाकीच्यांच्या येळेला हर्षद इंजिन बंदच करीत नाय," तात्या म्हणाला. "माणसं उड्या मारून चढतात, हा निघतो. निशाच्या येळेला बंद करतो. का करतो?"

का करतो ते मला माहीत होतं. समितीचा नियम होता. निशा चढत असताना इंजिन बंद पाहिजे, तिचा तोल गेला तर पंख्यात पाय जाईल. नियम मीच केला होता, भिंतीवर मीच लिहिला होता, खडूने, ठळक.

"इंजिन चालतं तवर नदीचं पाणी त्याच्या अंगातून फिरतं, थंड ठेवतं. बंद केलं की पाणी थांबलं. आतली गरमी आतच कोंडते, पाच-सात मिनिटांनी जास्तीच वाढते. पेट्रोलच्या पंपात कायतरी फुगत असंल, नाय तर पेट्रोलची वाफ होत असंल. चालू होतं, नळीतलं पेट्रोल जाळतं, मग गप. लगेच चालू केलंस, कायपण होणार नाय. तासाभरानं केलंस, थंड झालेलं असतं, कायपण होणार नाय. नऊ मिनिटांनी केलंस की हमखास." त्याने वही मिटली. "जाताना निशा चालत चढते, येळ लागत नाय; परतताना तिला उचलून चढवायला लागते. त्याला लागतात नऊ मिनिटं. कंपनीला मी पत्र धाडलंय, रकान्यांसकट. सोमवारी माणूस येतंय."

मी तिथेच शेडच्या ओल्या जमिनीवर बसले. मग विचारलं, "जेवलात काय?"

"जेवलो बाय."

सोमवारी आली ती एक मुलगी. सेजल नाव, कंपनीची इंजिनिअर, पॅन्टचे पाय दुमडून बोटीतून उतरली. पाठीवर लॅपटॉप. तात्याने हर्षदकरवी अख्खी वाडी अंगणात बोलावली होती, आणि चंद्राबाईला बोलवायला स्वतः गेला होता. एमआयडीसीतून आणलेलं निळं पिंप पाण्याने काठोकाठ भरलेलं, त्याच्या बाजूला ठोकलेल्या फळीवर इंजिन चढवलेलं, पंखा काढलेला. निशाला मी ओटीवर उशीला टेकवून बसवलं होतं. पाय सुजून चप्पल शिरत नव्हती. ओटीपासून पिंपापर्यंत चाळीस पावलं असतील. तात्याने ती मोजली होती.

सेजलने वायर जोडली, इंजिन चालवलं, लॅपटॉप बघितला. "काका, एकही फॉल्ट दिसत नाही. सगळे आकडे बरोबर आहेत."

"बरोबरच दिसणार. अर्धा तास चालू ठेवा."

अर्धा तास इंजिन पिंपात घुमत राहिलं. पाणी कढत झालं तसं हर्षद बादलीने बदलत होता. लोक कंटाळले, पोरं पळापळी करायला लागली. मग तात्याने चावी फिरवून बंद केलं आणि घड्याळ बघितलं.

"आता नऊ मिनिटं. चा घ्या."

मी चहा केला होता. सगळ्यांनी घेतला, तात्या सोडून. सेजलला गंमत वाटत होती, हसत होती ती. वही तात्याने माझ्या हातात दिलेली. नऊ मिनिटं झाली. त्याने स्वतः चावीला हात लावला नाही, सेजललाच सांगितलं. तिने फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं, खणखणीत. चंद्राबाई माझ्याकडे बघायला लागली. मी देवाचं नाव घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा एखादं इंजिन बंद पडावं म्हणून.

चाळीस सेकंद. आचका, आचका, आणि गप्प.

 सेजलचं हसू गेलं होतं. तिने लॅपटॉप बघितला, तिथे अजूनही सगळं बरोबर होतं.

"लिही बाय," तात्या म्हणाला.

मी लिहिलं. तारीख, वेळ, नऊ मिनिटं, बंद पडलं. शेवटच्या रकान्याशी थांबले. सेजलही वाकून बघत होती. "हे नि. म्हणजे न्यूट्रल का काका?"

मलाही इतके दिवस तसंच काहीतरी वाटत होतं. निकामी, नाहीतर नियम. तो रकाना तात्या स्वतःच भरायचा; वहीत ते अक्षर मी रोज बघत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"नि म्हंजे निशा," तात्या म्हणाला. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्याला तेव्हाच ऐकलं. "माझी पोर. बोटीत होती का नव्हती."

मग माझ्याकडे वळून, "काय लिवलंस?"

मी वरची पानं पाहिली. होती. होती. होती. आठ वेळा इंजिन बंद पडलं, आठही वेळा होती. बापाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, एकदाही खोटं नाही. मी खाली लिहिलं. मला अक्षर दिसत नव्हतं नीट.

"वाच, लोकांना ऐकू जाईल असं."

ओरडण्यात माझा हात धरणारं आंबेकोंडात कुणी नाही. पण त्या दिवशी आवाज फाटला. "नव्हती," मी वाचलं. "निशा नव्हती."

सेजलने तो प्रयोग आणखी दोनदा केला. इंजिन थंड होऊ द्यायचं, अर्धा तास चालवायचं, नऊ मिनिटं थांबायचं. दोन्ही वेळा बंद पडलं. मी दोन्ही वेळा लिहिलं, नव्हती, नव्हती. दुपार कलली तरी एक माणूस घरी गेला नाही. शेवटी सेजलने तात्याच्या वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि म्हणाली, "काका, आमच्या टेस्टिंगमध्ये इंजिन एकतर चालू असतं किंवा पूर्ण थंड. मधली नऊ मिनिटं आम्ही कधी बघितलीच नाहीत." मला ती मुलगी आवडली. चूक अशी सरळ कबूल करणारी माणसं मला आवडतात, कारण मला ते जमत नाही.

चंद्राबाई उठली, ओटीवर गेली, निशाच्या पायाशी बसली आणि तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. ती गेली तेवढं अंतर मलाही जायचं होतं. गेले.

"निशा, मी गेल्या वर्षी जे बोलले ते चुकले गो. माझ्या तोंडात किडे पडोत."

"पडतील तर खाशील काय ताई?" ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिने माझी थट्टा केली.

मंगळवारी ती बोटीत बसली. परतीच्या वेळी हर्षदने इंजिन बंद केलं नाही, गिअरमधून काढून चालूच ठेवलं, आणि मी पाण्यात उतरून पंख्याच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिले. भिंतीवरचा माझा नियम मी आदल्या रात्रीच पुसला होता. इंजिन बंद पडलं नाही.

जुलैच्या अखेरीस कंपनीचं नवीन पत्र आलं. इंजिनांची यादी वाढवली होती, आमच्या नंबराच्या पुढेही कितीतरी. आंबेकोंडचं नाव कुठे नव्हतं, तात्याचं तर नव्हतंच. या वेळी मी दोन्ही पानं वाचली. इंजिन मी आणि हर्षदने स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं, मी वर फडकंही टाकलं. त्या आठ दिवसांत निशाला मी महाडला माझ्या बहिणीकडे ठेवली. कारकुनाने मला बघून विचारलं, लग्न झालं का इंजिनाचं? मी म्हटलं, झालं, आता माहेरपणाला चाललंय.

आठव्या दिवशी परत आलं, नवा पंप घालून. तात्याने कानाने तपासलं, मान डोलावली आणि घोंगडी गुंडाळली. कुडपणला भात लावून झालं होतं, बांध बघायचे होते. मी म्हटलं, आता तरी एक कप चहा घ्या, जगातल्या कुठल्या देवाला राग येणार नाही. "नको बाय," म्हणाला आणि एसटीत बसला. वही मात्र माझ्याकडे ठेवून गेला.

ऑगस्टमध्ये पुन्हा पूल बुडाला. मंगळवार होता. महाडच्या काठावर हर्षद इंजिन चालूच ठेवून उभा होता, सवय झाली होती त्याला. निशा माझ्या खांद्यावर हात टाकून आली, आणि म्हणाली, "बंद कर."

"निशा वहिनी, कशाला उगाच," हर्षद म्हणाला. पाणी चांगलंच चढलेलं होतं.

"बंद कर, हर्षद."

त्याने बंद केलं. ती बोटीच्या काठावर बसली, माझं मनगट धरून घड्याळ स्वतःकडे वळवलं आणि बघत राहिली. आम्ही तिघंही बघत राहिलो. पाच मिनिटं झाली, सात झाली.  नऊ मिनिटं पूर्ण झाल्यावर ती बोटीत चढली, नेहमीच्या जागी न झोपता मागे इंजिनाशेजारी, तिच्या बापाच्या जागेवर बसली.

"कर चालू."

चाळीस सेकंद झाली. मधोमध आलो. तो बुडालेला पूल डाव्या हाताला राहिला. इंजिन घुमत होतं, आणि आंबेकोंडचा काठ जवळ आला.

वही माझ्या पिशवीत होती. मी तारीख घातली, वेळ घातली, नऊ मिनिटं, बंद पडलं नाही. शेवटच्या रकान्यासाठी पेन निशाकडे दिलं. तिने लिहिलं, "होती."